तीस मायक्रोसेकंद

एलगोइबारला, डेबा नदीच्या कडेला,
इमानोलमामाच्या शेडमध्ये एक मिलिंग मशीन आहे,
माझ्याहून सतरा वर्षांनी मोठी.
तिचा मूळचा कंट्रोलर जळाला
तेव्हा मी तिला एक जुना कॉम्प्युटर जोडला.
मामा म्हणाला, म्हातारीला कवळी बसवलीस.

करार साधा होता.
दर तीस मायक्रोसेकंदांनी एक ठोका.
ठोका पडला की मोटरनं पाऊल टाकायचं,
नाही पडला तर नाही.
घटका, पळ, विपळ, सगळी जुनी मापं
इथे डोंगराएवढी.

ओन्दारोआच्या कारखान्याला बारा कॅम हवे होते,
अँकोवीचे डबे बंद करणाऱ्या यंत्रासाठी.
पहिला बाद. कडेवर एक ओरखडा,
नखाला लागेल न लागेल असा.
दुसरा बाद.
तिसरा आरशासारखा.
चौथा, पाचवा पुन्हा बाद.
मी बेल्ट बदलला, स्क्रू घासले, मोटरला करंट वाढवून दिला,
कटरच्या दुकानदाराला फोनवरून नको ते बोलले.

मामा स्टुलावर बसून ऐकत होता.
त्याचा हात मशीनच्या बिडावर,
जसा गाभण गाईच्या पोटावर ठेवतात.
म्हणाला, अडखळते ती. आत्ता. बघ, पुन्हा.
मग जरा थांबून:
तिसऱ्याच्या वेळी तू बाहेर होतीस. बँकेचा फोन आला होता.

मला राग आला.
चार वर्षं शिकून आलेय मी यासाठी,
आणि हा म्हणतो माझी दृष्ट लागते.

रात्री एकटीनं चाचणी लावली.
पडद्यावर एकच आकडा: आजवरचा सगळ्यात मोठा उशीर.
नऊ हजार नॅनोसेकंद. अर्धा तास तसाच.
मग मी कॅमचं चित्र उघडलं,
ते सुंदर त्रिमितीतलं, निळ्या सावल्यांचं,
आणि माउसनं अलगद फिरवलं,
मागची बाजू पाहायला.
चार लाख बारा हजार.

म्हणजे तेरा ठोके गिळले.
मी बघायला वळले
आणि तिचा पाय चुकला.

ड्रायव्हर आळशी नव्हता. उलट भलताच तडफदार.
चित्र हातात आलं की आतून कडी लावून घ्यायचा,
सगळ्यांना दारात उभं करायचा,
झटपट रंगवून बाहेर यायचा
आणि कुणी वाट पाहत होतं
हे त्याच्या गावीही नसायचं.
माझी मावसबहीण नेकाने अशीच:
बिल्बाओहून ताशी एकशेचाळीसनं गाडी हाणते
आणि प्रत्येक दफनाला उशिरा पोचते.

काढून टाकला.
त्याच्या जागी एक साधा बसवला,
ज्याला सावल्या येत नाहीत, निळाई येत नाही.
प्रोसेसरचा एक गाभा ठोक्यांसाठी वेगळा राखला,
तिथे कुणी फिरकायचं नाही.
पडदा आता पावट्याच्या आमटीच्या रंगाचा.
खिडकी सरकवली तर मागे आपली कात टाकत जाते.
चित्र फिरवलं तर टप्प्याटप्प्यानं,
गुडघे दुखणाऱ्या माणसानं जिना उतरावा तसं.
कटर पुढच्या कोपऱ्यावर पोचलेला असतो
आणि रेघ अजून मागच्यावर.

येऊ दे मागून.
आकडा अकरा हजारांवर गेला. तिथेच बसला.

बाराही कॅम गेले ओन्दारोआला,
ट्रकवाल्याला सही दिली, कॉफी दिली.
बाद झालेल्यांतला एक मामानं ठेवून घेतलाय,
बिलांवर, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून.
येता-जाता त्याच्या कडेवरून अंगठा फिरवतो,
ओरखड्यापाशी थांबतो,
काही बोलत नाही.

मी दृष्टीबद्दल काय म्हणाले होते
ते अजून परत घेतलेलं नाही.
आज मशीन चालू असताना
पहिल्यांदाच पडदा बंद केला,
स्टूल ओढलं,
आणि बिडाच्या दुसऱ्या बाजूला हात ठेवला.
गार होतं. मग हळूहळू